साठ वर्षांची खेळी : विदर्भ क्रिकेट असोसिएशनची वाटचाल

१ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर वसीम जाफरने विजयी चौकार मारला आणि विदर्भाने रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला. दिल्लीसारखा बलाढ्य संघ चौथ्याच दिवशी ९ गडी राखून हरला होता. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत या विजयाला चमत्कार म्हणणारे मथळे होते. नागपूरच्या मैदानांवर ज्यांनी हयात घालवली, त्यांना मात्र तो चमत्कार वाटला नाही. विदर्भाचा संघ १९५७-५८च्या हंगामात पहिल्यांदा रणजी करंडकात उतरला. त्यानंतर करंडक हाती यायला साठ वर्षे लागली. या साठ वर्षांत कोणी काय पेरले, काय जोपासले आणि एका हंगामात ते सारे कसे फळाला आले, याची नोंद ठेवणे हा या लेखाचा हेतू आहे.

पायाभरणी

विदर्भातील क्रिकेट विदर्भाच्या संघाहून पुष्कळ जुने आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला आणि त्यांचे शिक्षण हिस्लॉप कॉलेजात झाले. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताने पहिली कसोटी खेळली, तेव्हा संघाच्या अग्रभागी हा नागपूरकर होता. त्यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू हेही नागपूरचेच. तेही पुढे भारताकडून कसोटी खेळले. दोघांचीही कारकीर्द बहरली ती इंदूरच्या होळकर संघात. घडायचे इथे आणि नाव काढायचे दुसरीकडे, ही विदर्भातील गुणी खेळाडूंची रीत तेव्हापासूनच पडली.

रणजी करंडक १९३४-३५ साली सुरू झाला. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती आणि या भागाचा संघ त्याच नावाने स्पर्धेत खेळत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि नागपूरचे राजधानीपण गेले. क्रिकेटच्या नकाशावर मात्र विदर्भाने आपली वेगळी ओळख राखली. १९५७-५८पासून विदर्भ हा स्वतंत्र संघ झाला. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हाही ही ओळख टिकली. त्यामुळे आज एकाच राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ रणजी करंडकात उतरतात.

राज्याने पश्चिमेचे, पण क्रिकेटमध्ये मध्य विभागाचे, अशी आपली स्थिती राहिली. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि रेल्वे हे वर्षानुवर्षांचे प्रतिस्पर्धी होते. मुंबईच्या क्रिकेटचा दबदबा दुरून पाहायचा आणि झुंजायचे ते रेल्वेच्या कसलेल्या, नोकरीने बांधलेल्या संघाशी, असा तो काळ होता. रणजी संघाला पैसा कमी, प्रवास लांबचे आणि हंगामात सामने मोजके. त्या परिस्थितीत संघ दरवर्षी उभा राहत होता, हेच पहिल्या पिढीच्या पदाधिकाऱ्यांचे आणि खेळाडूंचे मोठे काम मानले पाहिजे.

सिव्हिल लाइन्सचे मैदान

सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे मैदान म्हणजे नागपूरच्या कित्येक पिढ्यांची क्रिकेटची शाळा. ऑक्टोबर १९६९ मध्ये इथे पहिला कसोटी सामना झाला. न्यूझीलंडने भारताला १६७ धावांनी हरवले. भारतातला तो त्यांचा पहिला कसोटी विजय होता. निकाल कटू होता, पण कसोटी क्रिकेट नागपूरच्या दारात आले ते कायमचे.

या मैदानाने भारतीय क्रिकेटला एक अविस्मरणीय दिवस दिला. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकाच्या सामन्यात चेतन शर्माने न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकातील पहिली हॅट्ट्रिक नोंदवली आणि त्याच सामन्यात सुनील गावसकर यांनी एकदिवसीय क्रिकेटमधले आपले एकमेव शतक झळकावले. विश्वचषक इंग्लंडबाहेर पडून भारतीय उपखंडात यावा यासाठी ज्यांनी कणखरपणे प्रयत्न केले, ते एन. के. पी. साळवे याच संघटनेतून पुढे आलेले. ते विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष होते आणि १९८२ ते १९८५ या काळात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष राहिले. पुढे याच संघटनेतील शशांक मनोहर यांनी मंडळाचे अध्यक्षपद दोनदा भूषवले आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची धुराही सांभाळली. संघ दुय्यम गटात झगडत होता त्या काळातही संघटनेच्या कारभाराला देशात मान होता.

संस्थेच्या इतिहासात दुःखाची नोंदही असायला हवी. २६ नोव्हेंबर १९९५ रोजी भारत-न्यूझीलंड एकदिवसीय सामन्याच्या वेळी याच मैदानावर प्रेक्षागाराची भिंत कोसळली आणि सामना पाहायला आलेल्या प्रेक्षकांचा जीव गेला. खेळावरच्या प्रेमापोटी घरून निघालेली ती माणसे परत गेली नाहीत. स्मरणिकेच्या पानांवर त्यांचे स्मरण करणे हे आपले कर्तव्य आहे.

क्लबांचे बळ

रणजी संघातील अकरा नावे सगळ्यांना ठाऊक असतात. त्या अकरांच्या मागे जी शेकडो नावे असतात, ती क्लबच्या स्कोअरबुकात सापडतात. नागपुरात ही नोंद प्रामुख्याने गुझदर लीगची आहे. विदर्भ क्रिकेट असोसिएशनची ही आंतरक्लब लीग म्हणजे शहरातील पुरुषांच्या क्रिकेटचा कणा. नवनिकेतन, अ‍ॅडव्होकेट इलेव्हन यांसारख्या क्लबांनी या लीगमध्ये खेळाडू घडवले आणि पुढे संघटनेच्या हवाली केले.

क्लब क्रिकेटची किंमत बाहेरच्याला चटकन कळत नाही. सतरा वर्षांचा मुलगा आपल्या वयाच्या मुलांत शतके काढतो, तेव्हा तो किती पाण्यात आहे हे समजत नाही. तोच मुलगा लीगमध्ये उतरला की समोर पस्तिशीचा, बँकेत किंवा रेल्वेत नोकरी करणारा, दहा रणजी हंगाम खेळून बसलेला ऑफस्पिनर असतो. त्याच्या चेंडूला वेग नसतो, पण फसवायचे कसे हे त्याला नेमके ठाऊक असते. त्याच्यासमोर तासभर टिकणे हे मुलाचे खरे शिक्षण. वडीलधाऱ्या खेळाडूबरोबर फलंदाजी करताना धाव कधी घ्यायची, कधी नाकारायची, वाईट तास कसा काढायचा, हे तो शिकतो. प्रशिक्षकाने नेटमध्ये महिनाभर सांगितलेली गोष्ट लीगच्या एका डावात पक्की होते.

ही लीग चालते ती पडद्यामागच्या माणसांमुळे. सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर येऊन खेळपट्टीवर रोलर फिरवणारा माळी, उन्हात दिवसभर उभे राहणारे पंच, एकेक चेंडू टिपणारा स्कोअरर, नव्या मुलाला स्वतःचे पॅड आणि बॅट वापरायला देणारा क्लबचा कप्तान आणि स्वतःच्या खिशातून चेंडूंचे पैसे भरणारा सचिव. यांतल्या कुणाचेही नाव विजयाच्या बातमीत येत नाही. ही माणसे नसती तर मात्र विदर्भाला निवड करायला खेळाडूच उरले नसते. करंडकाचा हंगाम नऊ सामन्यांचा होता. त्याची तयारी या मैदानांवर साठ हंगाम चालली होती, आणि या इतिहासातून सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे.

प्रतीक्षेची वर्षे

पहिल्या पाच दशकांत विदर्भाच्या वाट्याला मोठे यश क्वचितच आले. सुहास फडकर, प्रवीण हिंगणीकर, प्रीतम गंधे अशा खेळाडूंनी आपापल्या काळात संघाचा भार वाहिला. वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य १९९५-९६च्या सुमारास भारताकडून चार एकदिवसीय सामने खेळले. पण एखाद्या चांगल्या हंगामानंतर पुन्हा तळाशी जाणे, हे चक्र थांबत नव्हते. २००२-०३पासून रणजी करंडकाची एलिट आणि प्लेट अशी विभागणी झाली आणि विदर्भाची बरीच वर्षे प्लेट गटात गेली.

याला दोन कारणे होती. एक म्हणजे नोकरी. रेल्वेत किंवा सार्वजनिक उपक्रमात जागा मिळाली की गुणवान खेळाडू तिकडे जात असे. घर चालवणाऱ्या तरुणाला त्याबद्दल दोष देता येत नाही. फैज फझलसारखा, २००३ साली विदर्भाकडून पदार्पणातच शतक ठोकणारा सलामीवीरही मधली काही वर्षे रेल्वेकडून खेळला. तो परत आला आणि विदर्भाचा कर्णधार झाला, ही संघटनेच्या इतिहासातील फार महत्त्वाची घटना ठरली. दुसरे कारण म्हणजे जिंकण्याची सवय नसणे. बलाढ्य संघाविरुद्ध पहिल्या डावात आघाडी मिळाली तरी समाधान मानायचे, सामना अनिर्णित राखणे हेच यश समजायचे, ही मनाची चौकट मोडायला वेळ लागला.

या काळातली सर्वांत उमेद देणारी कहाणी उमेश यादवची. खापरखेड्याजवळच्या वलनी येथील कोळसा खाणीत त्याचे वडील कामाला होते. विशीच्या उंबरठ्यापर्यंत तो टेनिस बॉलवर खेळला; त्यानंतर लेदर बॉल हाती घेतला आणि २००८ साली विदर्भाकडून रणजी पदार्पण केले. २०११ साली तो भारताकडून कसोटी खेळला. विदर्भाच्या संघातून कसोटीपटू होण्याचा पहिला मान त्याचा. २०१५च्या विश्वचषकात १८ बळी घेऊन तो भारताचा सर्वाधिक यशस्वी गोलंदाज ठरला. विदर्भाचा रणजी संघ सोडून न जाताही भारताचे दार उघडते, हे उमेशने सिद्ध केले. गावोगावच्या मुलांवर आणि त्यांच्या पालकांवर त्याचा जो परिणाम झाला, तो कोणत्याही शिबिराने झाला नसता.

वळण

२००८ साली वर्धा मार्गावरील जामठा येथे संघटनेचे नवे स्टेडियम उभे राहिले. त्या नोव्हेंबरमध्ये तिथली पहिली कसोटी ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाली. सौरव गांगुलीची ती शेवटची कसोटी आणि व्ही. व्ही. एस. लक्ष्मणची शंभरावी. भारताने १७२ धावांनी जिंकून मालिका आपल्या नावे केली. आंतरराष्ट्रीय सामने जामठ्याला गेले, त्यामुळे सिव्हिल लाइन्सचे मैदान घरच्या क्रिकेटसाठी आणि प्रशिक्षणासाठी अधिक मोकळे झाले. या बदलाचा फायदा पुढच्या दशकात दिसला.

संघटनेने अकादमी उभारली, वयोगटांच्या संघांवर लक्ष दिले आणि प्रशिक्षणाला सातत्य आणले. माजी कसोटीपटू सुब्रतो बॅनर्जी यांच्या हाताखाली वेगवान गोलंदाजांची फळी तयार झाली. बाहेरून व्यावसायिक खेळाडू आणतानाही विचार स्पष्ट होता. जो येईल त्याने धावा कराव्यातच, पण ड्रेसिंग रूममधल्या मुलांना मोठे करणारा माणूसही तो असावा. २०१४-१५ साली एस. बद्रिनाथ आणि गणेश सतीश आले. गणेश सतीश तर विदर्भाचाच होऊन गेला. २०१५-१६ साली वसीम जाफर आला. रणजी करंडकात त्याच्याइतक्या धावा कुणाच्याच नावावर नाहीत. असा खेळाडू नेटमध्ये शेजारी उभा राहून बोलतो, तेव्हा तरुणांना शिकवणीची वेगळी गरज उरत नाही. या दोन्ही हंगामांत विदर्भाने उपांत्यपूर्व फेरी गाठली.

२०१७ साली चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले. मुंबईला त्यांनी तीनदा रणजी करंडक जिंकून दिला होता. शिस्तीबाबत त्यांची ख्याती कडक. विदर्भाच्या खेळाडूंना त्यांनी एक गोष्ट बजावली: उपांत्यपूर्व फेरी हे मुक्कामाचे ठिकाण नव्हे. संघात गुणवत्ता होतीच. ती चार दिवस आणि पाच दिवस टिकवण्याची चिकाटी पंडितांनी घडवली.

२०१७-१८ : तो हंगाम

विदर्भ 'ड' गटात होता. बंगाल, पंजाब, हिमाचल प्रदेश, गोवा, सेनादल आणि छत्तीसगड हे सोबती. मोहालीत पंजाबवर डावाने विजय मिळवून सुरुवात झाली. घरच्या मैदानावर पंजाबला हरवणे कोणत्याही संघाला जड जाते. तिथेच गटाचा रंग ठरला. कल्याणीत बंगालविरुद्ध फैज फझल आणि आर. संजय या सलामीच्या जोडीने शतके केली आणि विदर्भाने १० गडी राखून सामना जिंकला. गटात पहिला क्रमांक मिळवून संघ बाद फेरीत आला. हंगामभरात फझलने ९१२ धावा केल्या. कर्णधाराने सलामीला जाऊन अशी फलंदाजी केली की बाकीच्यांना भाषणाची गरज लागत नाही.

उपांत्यपूर्व सामना सुरतला केरळविरुद्ध होता. पहिल्या डावात विदर्भ २४६ धावांतच आटोपला, पण रजनीश गुरबानीने पाच बळी घेऊन केरळला १७६वर रोखले. दुसऱ्या डावात ९ बाद ५०७ धावांवर डाव घोषित झाला, मग आदित्य सरवटेच्या डावखुऱ्या फिरकीने सहा बळी टिपले आणि विदर्भाने ४१२ धावांनी विजय मिळवला.

उपांत्य सामना कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर होता, समोर कर्नाटक. विदर्भाच्या क्रिकेटचे भाग्य ज्या पाच दिवसांत बदलले ते हेच. पहिल्या डावात विदर्भ १८५ धावांत गारद झाला. करुण नायरच्या १५३ धावांच्या जोरावर कर्नाटकने ३०१ धावा केल्या. ११६ धावांची पिछाडी होती. आधीच्या काळातला विदर्भ इथे खचला असता. या संघाने दुसऱ्या डावात ३१३ धावा केल्या. गणेश सतीशने संयमाने ८१ धावा जोडल्या. कर्नाटकपुढे लक्ष्य होते १९८ धावांचे.

चौथ्या दिवसअखेर कर्नाटक ७ बाद १११. पाचव्या सकाळी ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. विनय कुमार, मिथुन आणि श्रेयस गोपाल यांनी एकेक धाव जोडत सामना विदर्भाच्या हातून जवळजवळ काढून घेतला. हव्या असलेल्या धावा दहावर आल्या, मग सहावर. अशा वेळी गोलंदाजाच्या हातात चेंडू जड होतो. गुरबानी मात्र त्याच टप्प्यावर, त्याच रेषेत चेंडू टाकत राहिला. १९२वर शेवटचा गडी बाद झाला आणि विदर्भ ५ धावांनी जिंकला. गुरबानीच्या नावावर डावात ६८ धावांत ७ बळी आणि सामन्यात १२ बळी लागले. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेला हा मुलगा एका आठवड्यात देशभर ओळखला जाऊ लागला. नागपुरात त्या सकाळी जो जिथे होता, तिथेच मोबाइलवर स्कोअर पाहत थांबला होता, असे आजही अनेक जण आठवून सांगतात.

अंतिम सामना २९ डिसेंबरला इंदूरला सुरू झाला. फझलने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले. दिल्लीच्या ध्रुव शौरीने १४५ धावांची जिद्दीची खेळी केली, पण दुसऱ्या टोकाला कुणी फार टिकले नाही. दुसऱ्या दिवशी गुरबानीने विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि स्वतः शौरी यांचे त्रिफळे लागोपाठच्या तीन चेंडूंवर उडवले. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यातली ही केवळ दुसरी हॅट्ट्रिक. पहिली तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने १९७२-७३ साली मुंबईविरुद्ध नोंदवली होती. दिल्लीचा डाव २९५वर संपला. गुरबानीचे ५९ धावांत ६ बळी.

मग विदर्भाची फलंदाजी. फझल ६७, जाफर ७८. दोघेही बाद झाल्यावर सामना समतोल वाटत होता, तेव्हा यष्टिरक्षक अक्षय वाडकर खेळपट्टीवर ठाण मांडून बसला. प्रथम श्रेणीतले पहिलेच शतक त्याने अंतिम सामन्यात केले: १३३ धावा. सरवटेने ७९ आणि सिद्धेश नेरळने ७४ धावा जोडल्या. तळाच्या फलंदाजांनी दिल्लीला दिवसभर मैदानात राबवले आणि धावसंख्या ५४७पर्यंत नेली. ज्यांच्याकडून प्रामुख्याने बळींची अपेक्षा होती, त्या गोलंदाजांनीच दीडशेहून अधिक धावा केल्या. क्लबच्या संघात प्रत्येकाला बॅट धरावी लागते. ती सवय इथे उपयोगी पडली.

दुसऱ्या डावात दिल्ली २८०. अनुभवी ऑफस्पिनर अक्षय वखरेने चार बळी घेतले. दशकभर विदर्भासाठी राबलेल्या गोलंदाजाच्या वाट्याला हा दिवस यावा, यात मोठा न्याय होता. विजयासाठी २९ धावा हव्या होत्या. जाफरने चौकारांची बरसात केली आणि साठ वर्षांची प्रतीक्षा संपली. गुरबानीने हंगामात केवळ सहा सामन्यांत ३९ बळी घेतले होते.

त्याच हंगामात विदर्भाच्या १९ वर्षांखालील संघाने कूचबिहार करंडक पहिल्यांदा जिंकला. अंतिम सामन्यात अकोल्याच्या अथर्व तायडेने ३२० धावांची खेळी केली. वरिष्ठ आणि कनिष्ठ दोन्ही संघ एकाच हंगामात विजेते ठरले, यावरून हे यश मुळापासून आलेले होते हे स्पष्ट होते.

यश टिकवणे

एकदा जिंकणे आणि जिंकत राहणे यांत मोठे अंतर आहे. मार्च २०१८ मध्ये जामठ्यावर इराणी करंडकाच्या सामन्यात विदर्भाने शेष भारताविरुद्ध ७ बाद ८०० धावांवर डाव घोषित केला. चाळिशीला आलेल्या जाफरच्या २८६ धावा त्यात होत्या. २०१८-१९च्या हंगामात त्याने १०३७ धावा केल्या. त्या हंगामातील उपांत्य सामन्यात वायनाडमध्ये उमेश यादवने १२ बळी घेऊन केरळला दोन दिवसांत हरवले. फेब्रुवारी २०१९ मध्ये जामठ्यावर सौराष्ट्रविरुद्ध अंतिम सामना झाला. सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजारासारख्या फलंदाजाला दोन्ही डावांत मिळून एकाच धावेवर समाधान मानावे लागले. विदर्भाने ७८ धावांनी जिंकून करंडक राखला. लगेच झालेला इराणी करंडकही राखला आणि त्याची बक्षिसाची रक्कम पुलवामा हल्ल्यातील हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना देण्याचे फझलने जाहीर केले. करंडकाइतकाच तो निर्णयही संघटनेच्या अभिमानाचा आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये फझलने निवृत्ती घेतली. त्याच हंगामात विदर्भ अंतिम फेरीत पोहोचला आणि वानखेडेवर मुंबईकडून १६९ धावांनी हरला. ५३८ धावांचे लक्ष्य होते. विदर्भाने चौथ्या डावात ३६८ धावा केल्या, कर्णधार वाडकरने शतक केले. पराभव झाला, पण सामना पाचव्या दिवशी नेऊन झाला.

त्याचे उत्तर पुढच्या हंगामात मिळाले. उस्मान घनी प्रशिक्षक आणि वाडकर कर्णधार असलेल्या संघाने २०२४-२५च्या उपांत्य फेरीत नागपुरात मुंबईला ८० धावांनी हरवले. अंतिम सामन्यात केरळविरुद्ध पहिल्याच सकाळी विदर्भ ३ बाद २४ होता. पहिलाच रणजी हंगाम खेळणाऱ्या दानिश मालेवारने १५३ धावा केल्या. सोबत ८६ धावा करणारा करुण नायर होता. ईडन गार्डन्सवर ज्याने विदर्भाविरुद्ध १५३ केल्या, तोच आता विदर्भासाठी लढत होता. दुसऱ्या डावात त्याने १३५ धावा केल्या. इंदूरच्या अंतिम सामन्यात आपल्याविरुद्ध शतक ठोकणारा ध्रुव शौरीही याच संघात होता, तर आदित्य सरवटे समोरच्या केरळ संघातून ७९ धावा करून गेला. ३७ धावांच्या पहिल्या डावातील आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा रणजी विजेता ठरला. हर्ष दुबेने हंगामात ६९ बळी घेऊन रणजी करंडकातील विक्रम केला, तर यश राठोडने ९६० धावा केल्या. पूर्वी विदर्भाचे खेळाडू बाहेर जात. आता देशातले नामवंत खेळाडू विदर्भाकडून खेळायला येतात आणि घरची मुले त्यांच्या बरोबरीने करंडक जिंकतात. साठ वर्षांतला बदल मोजायचा तर तो असा मोजावा.

जिल्ह्यांतून आलेली फळी

या यशात नागपूरबाहेरच्या जिल्ह्यांचा वाटा ठळकपणे नोंदला पाहिजे. अकोल्याने तायडे आणि वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे दिले. अमरावतीचा यष्टिरक्षक जितेश शर्मा भारताकडून टी-ट्वेंटी खेळला. वर्ध्याच्या दर्शन नळकांडेने २०२१ साली सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत कर्नाटकविरुद्ध सलग चार चेंडूंवर चार बळी घेतले. त्याच स्पर्धेत दोन्ही हातांनी गोलंदाजी करणाऱ्या अक्षय कर्णेवारने मणिपूरविरुद्ध चारही षटके निर्धाव टाकली. मुलींमध्ये मोना मेश्राम २०१७च्या विश्वचषकात उपविजेत्या ठरलेल्या भारतीय संघात होती. एकेकाळी निवड चाचणीसाठी नागपूरला येणेही अनेकांना परवडत नव्हते. त्या जिल्ह्यांतून आता भारताच्या संघापर्यंत वाट गेली आहे.

पुढची खेळी

स्मरणिका गौरवासाठी असते, तशी जबाबदारीची आठवण देण्यासाठीही असते. तीन रणजी करंडक कपाटात आहेत. ते मिळवून देणारी माणसे आणि मैदाने जपली, तरच चौथा आणि पाचवा येईल. शहर वाढत आहे आणि खेळाची मोकळी मैदाने कमी होत आहेत. क्लबांना सरावासाठी हक्काची जागा, लीगला भरगच्च वेळापत्रक आणि पंच-स्कोअररना योग्य मानधन मिळाले पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यात चांगल्या टर्फ खेळपट्ट्या हव्यात, म्हणजे गडचिरोली-गोंदियाच्या मुलाला पहिला टर्फ सामना नागपुरात येऊनच खेळावा लागणार नाही. मुलींच्या स्पर्धांना मुलांच्या बरोबरीचे सामने मिळायला हवेत. जुन्या क्लबांची स्कोअरबुके गोळा करून जतन करण्याचे कामही आताच हाती घ्यावे. ती पाने गेली तर या इतिहासाचा मोठा भाग त्यांच्याबरोबर जाईल.

नोकरीच्या शोधात बाहेर गेलेले, तळाच्या गटात वर्षानुवर्षे झुंजलेले आणि एकही करंडक न जिंकता निवृत्त झालेले सर्व खेळाडू या विजयांचे समान भागीदार आहेत. त्यांच्या पिढ्यांनी पराभवातही संघ मोडू दिला नाही, म्हणून पुढच्या पिढीला जिंकण्यासाठी संघ मिळाला. हे ऋण मानून संघटनेने गुझदर लीगच्या प्रत्येक सामन्याकडे रणजीच्या सामन्याइतक्याच गांभीर्याने पाहावे. विदर्भाचा पुढचा विजेता संघ तिथेच घडणार आहे.